करड्या फळ्या

केरीच्या धक्क्यावर तेजस्विनी फेरीबोटीची वाट बघत होती. बाकड्यावर शेजारी एक म्हातारा सुतार आणि एक होडीवाला बसले होते. दोघेही अनोळखी, पण आवाज असे की कान बंद करायची सोय नव्हती.

"ह्या काय रे, विनायक?" होडीवाल्याच्या हातातल्या तुकड्याकडे बघत म्हाताऱ्याने विचारलं.

"प्लास्टिकचो सागवान, आनंदाकाका. पर्यटकांच्या होडयेत फळयांच्या जागेर घालूया. तेल नको, घासूक नको."

"उन्हात पाय भाजतले त्यांचे. माझ्या बापाशीन घातलेल्यो खऱ्या सागवानाच्यो फळयो आसत मा?"

"त्यो मेल्यो, काका. खाऱ्या पाण्यान राखयेसारख्यो करड्यो झाल्यो. मापाक एक हाडलंय, बघा." त्याने पिशवीतून एक जुनी फळी काढून पुढे केली.

म्हाताऱ्याने खिशातला चाकू काढला आणि फळी नखभर खरवडली. आत मधाच्या रंगाचं ताजं लाकूड चमकलं. तेजस्विनीही वाकून बघू लागली.

"अरे देवा!" विनायक म्हणाला.

"सागवान वरसून करडो पडता, आतसून मरणा नाय. रंधो मारलो की नवो. बाकीच्यो खंय?"

विनायकने खरवडलेल्या जागेवर अंगठा दाबला.

"खंय म्हणतंय, विनायक?"

"न्हाणयेच्या चुलीत."

"सगळ्यो?"

"पावसाभर जाळल्यो. आई रोज म्हणत होती, कसला लाकूड रे ह्या, दोन ढलपे घातले की हंडो उकळता."

"लाकडातला तेल, बाबा. इतकी वर्सां त्याच तेलान पाणी भितर शिरणा नव्हता."

फेरीबोट लागली, भरली, सुटली. खरवडलेल्या जागेवर विनायकचा अंगठा तसाच दाबलेला होता आणि तेजस्विनी अजून बाकड्यावरच होती.