चार बोटं उघडणारं दार

पण मी गंमतीत म्हटलं होतं ना काका! "गिअरवरून पलीकडं जाणं आमच्यासारख्या पोट्ट्यांचं काम आहे, तुम्हाला नाय जमायचं, लागली पैज?" — दुसरा कुणी असता तर हसला असता अन् निघून गेला असता. तुम्ही चप्पल काढली! चप्पल काढली, हेल्मेट माझ्या हातात दिलं, एक गुडघा गिअरवर, डोकं छताला — ठण्ण — अन् बसला पण जाऊन स्टिअरिंगमागं. रिटायरमेंटला आलेला माणूस! मला वाटलं अर्ध्यात अडकाल, कंबर धराल, म्हणाल नक्को बाबा ही गाडी. तुम्ही तर हसताय. अजून हसताय. हौ, जिंकलात तुम्ही. फक्त तुमच्यामागं मी पण आत आलो अन् दार ओढून घेतलं — तिथं गडबड झाली.

नाय, ते हँडल हलवून उपयोग नाय. म्हणजे हे, माझ्या बाजूचं. हे बघा — आलंच हातात. जूनपासून तुटलंय. आतून उघडत नाय, काच खाली करायची, हात बाहेर काढायचा अन् बाहेरून उघडायचं, आम्हाला सवय झालीये. आता काच कशी खाली करू? ती करंटवर चालते ना, अन् दादा सोमवार ते शनिवार बॅटरीची वायर काढून ठेवतो. कशाला म्हणजे — बॅटरी वाचते. बरं, माझ्यामुळं काढतो. एकदा मी नेली होती, जाऊ द्या ते. तर वायर नाय म्हणजे काच नाय, हॉर्न नाय, लाइट नाय. तुमच्या बाजूला पिलर. सेलरमधलं, तळघरातलं पार्किंग असंच असतं, बिल्डरनी आधी पिलर उभे केले अन् उरलेल्या जागेत गाड्यांचे नंबर लिहिले. उघडा, उघडून बघा दार — चार बोटं. बस, चारच. हवा येते ना? मग झालं, हवेला चार बोटं खूप झाली. मागचं? हौ, माझ्या मागच्या दाराला पिलर नाय, पण त्याला चाइल्ड लॉक आहे, आतून नाय उघडत. मीच लावलंय. आमच्या रेणूला, बहिणीला, मागं बसवायचं, अन् उतरायच्या वेळी ती "उघड ना संदेश, उघड ना" करत बसते अन् मी बाहेर उभा राहून हसतो. लई हसतो. आता नाय येत हसू.

ओरडू नका, ओरडू नका! कोण ऐकणार? वॉचमन — यादगिरी अन्ना — तो चौकात गेलाय मिरची भजी आणायला. मीच पाठवला. तुमच्यासाठीच हो, पाहुणे आले म्हटलं. हां, तासभर झाला. विद्यानगरात चांगली भजी तासाभराच्या रांगेत मिळतात. खरं सांगू का, मी त्याला नारायणगुड्याला पाठवलंय. तिकडची चांगली असतात.

विक्रमदादा साडेसहाला येईल. तोपर्यंत तुम्ही गाडी बघा ना, बघायलाच आलात! सीट बेल्ट ओढा. असा नाय, पूर्ण, शेवटपर्यंत, बेल्ट म्हणेल बस, तरी ओढायचं. आता शेवटचं टोक बघा — मातीची रेघ आहे? नाय ना? रेघ असली की समजायचं गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. सीट धुतात, कार्पेट बदलतात, अत्तर मारतात, पण बेल्ट आत गुंडाळलेला असतो, तो कुणी धूत नाय. दुसरं — डिक्कीतला स्टेपनी टायर उचलायचा अन् खाली हात फिरवायचा. पत्र्याला घडी पडली असेल तर मागून ठोकलेली. तिसरं, इंजिन थंड असताना चालू करायला सांगायचं. विकणारा आधीच गरम करून ठेवतो अन् म्हणतो, आत्ताच फिरवून आणली. फिरवून नाय आणली, धूर लपवलाय. टर्बो गाडीत हे तर बघायचंच, दिसायला एवढीशी अन् पळायला राक्षस, अशा गाड्या लोकांनी मारून मारून चालवलेल्या असतात. साडेचार लाखांच्या बजेटमध्ये तर दहातल्या आठ मेलेल्याच. मला कसं माहीत म्हणजे! चौदा महिने फिरलोय दादाच्या मागं. दर रविवारी. तेवीस गाड्या बघितल्या त्यानी, तेवीस, अन् प्रत्येकीचा बेल्ट मी ओढलाय. ही चोविसावी. ही चालू केली ना त्या दिवशी, तर दादानी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अजून कुणाला हात लावू देत नाय.

म्हणजे — विकणार आहे. विकणारच आहे ना, ऍपवर टाकलीय ना त्यानी.

पण मी तुमच्या जागी असतो तर नसती घेतली. हँडल बघितलंच तुम्ही. क्लच जड आहे. एसी लावला की वास येतो, उंदीर मेल्यासारखा. अन् तुम्हाला काय करायचीय असली गाडी, पाठ दुखेल, खड्डा न् खड्डा मोजता येतो हिच्यात. मोठी, आरामाची घ्या, मागं झोपता येईल अशी. हां, आता तुम्ही म्हणाल तीस वर्षं मालगाडी चालवली, अठ्ठावन्न डबे मागं, अन् बाजूच्या लाइनला उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्या धाडधाड पुढं जाताना बघितल्या, आता मला एक लहान अन् जोरात पळणारी पाहिजे, जिच्या मागं एक पण डबा नाय —

काय झालं?

मला कसं माहीत — तुम्हीच नाय का सांगितलं. आत्ता, गेटवर. नाय सांगितलं? गेटवर फक्त नाव सांगितलं, केशवराव, रेल्वेतले, तारनाक्याहून आलो. बरं. मग दादानी सांगितलं असेल. हौ, दादानीच. फोनवर तुम्ही त्याला बोलला, त्यानी मला सांगितलं, रात्री जेवताना. आम्ही भाऊ सगळं सांगतो एकमेकांना.

असं नका बघू काका. पाणी पाहिजे? दाराच्या कप्प्यात बाटली आहे बघा. जुनी आहे, पण पाणीच आहे.

अन् एक विचारू? राग नका मानू. तुम्ही गाडी न बघता दहा हजार टोकन कशाला पाठवलं? कुणी पाठवतं का असं? मी मागितलं पण नव्हतं! — म्हणजे दादानी. दादानी मागितलं नव्हतं. रेल्वेत सिग्नल बघितल्याशिवाय एक इंच पुढं जात नाय म्हणता तुम्ही लोक, अन् इथं नुसत्या आवाजावर… काय? मराठी होता म्हणून? बस, एवढंच? फोनवर मागं कुणाला तरी "अगं आई, आलो ना" म्हटलेलं तुम्ही ऐकलं, अन् विचारलं गाव कुठलं, अन् नांदेडकडचं निघालं, अन् तुम्हाला वाटलं आपला माणूस आहे, फसवणार नाय. काका, हैदराबादेत मराठी बोलणारे काय कमी आहेत का, अन् सगळे काय… जाऊ द्या. मला उकडतंय. ते दार जरा अजून ढकला ना. चार बोटं. हौ. चारच.

थांबा, काय म्हटलं? कुठली सिल्व्हर? नारायणगुड्यात बघितलेली? ती तर तुम्ही — त्या ऍपवरच्या फोटोतली, एका डॉक्टरणीची? बेल्ट ओढला होता? साफ? खालचा पत्रा? थंड चालू केली, धूर नाय? सर्व्हिसची सगळी कागदं पण? अन् साडेचारला देत होती? मग घेतली का नाय! कधी नाय म्हटलं तिला? आज सकाळी? माझ्या — ह्या गाडीसाठी? "ह्यांना शब्द दिलाय" म्हणून?

काका, तुम्ही वेडे आहात का हो. सॉरी. पण वेडेच आहात. चौदा महिन्यांत आम्हाला एक डॉक्टरणीची गाडी नाय मिळाली. त्या गाड्या दोन दिवस पण उभ्या राहत नाहीत.

काय करताय? हात नका घालू फटीत, खरचटेल. फोन बाहेर काढून काय होणार, सेलरमध्ये रेंज नसते. कधीच नसते. मीच इथं येऊन बसतो आईचे फोन टाळायला, मला माहीत आहे. आली? किती? एक दांडी? हल्लू, सांभाळून, हलवू नका हात. कुणाला लावताय — यादगिरीचा नंबर मी सांगतो. नाय? दादाला? दादा बाईकवर असेल, ट्रॅफिकमध्ये, नाय उचलणार. कशाला त्याला त्रास, येतोच आहे ना तो. काका. काका, थांबा. विक्रमला नका लावू.

नका लावू. माझ्याच खिशात वाजेल.

हौ. हा फोन. हे दुसरं सिम. तो विक्रम मीच.

शिव्या द्या. मालगाडीवाल्यांना चांगल्या येत असतील.

हर्षद म्हणाला होता. दोस्त आहे माझा. "दम असेल तर दादाची गाडी ऍपवर टाकून दाखव, एक तास ठेवून दाखव." एवढं पुरे झालं मला. रविवारी दादानी गाडी धुतली, मी फोटो काढले, तो म्हणाला छान काढ रे. भाव टाकला साडेचार, सहाची गाडी, म्हटलं बघू किती येडे फोन करतात. एक्केचाळीस आले. तेलुगू, हिंदी, सगळ्यांना सांगितलं, विकली अन्ना, विकली भाई. हसून हसून पोट दुखलं आमचं. मग तुमचा आला. तुम्हाला पण तेच सांगणार होतो. दोन शब्दांचं काम होतं. पण तुम्ही विचारलं — "विक्रमराव, तुम्हाला समजतं ह्यातलं, मला जरा सांगता का, टर्बोची गाडी जुनी घ्यावी का?"

विक्रमराव. मला "राव" कुणी म्हटलं नाय आजपर्यंत. इंटरला, म्हणजे बारावीला, दोन वेळा बसलो, दोन्ही वेळा गेलो, घरात मला "दुकानातून दही आण" याच्या पुढं कुणी काही विचारत नाय. अन् तुम्ही पाऊण तास ऐकत होता. बेल्टचं, पत्र्याचं, धुराचं. मधे मधे "थांबा, लिहून घेतो" म्हणायचा. तुम्ही जे त्या सिल्व्हर गाडीत तपासलं ना, ते मीच सांगितलेलं काका, अन् खरं होतं. तेवढं सगळं खरं होतं. फक्त गाडी विकायची नव्हती.

टोकन आलं अन् हर्षद नाचायला लागला. मी नाय नाचलो. म्हणजे थोडा नाचलो. दोन हजारांची मंदी, तो मोठ्या थाळीतला मटणभात, खाल्ली आम्ही, एका थाळीत चौघे, अन् मी म्हटलं उद्या परत पाठवतो, मग म्हटलं परवा, पूर्ण दहा जमले की. तेवढ्यात तुम्ही आज गेटवर उभे, फोन न करता, हातात हेल्मेट, अन् विचारताय विक्रमराव राहतात का इथे. आठ आहेत. दोन मी देईन, कसे ते मला माहीत नाय, पण देईन. यादगिरीला म्हणून हाकलला, त्यानी सांगून टाकलं असतं. पैज म्हणून लावली, तुम्ही निघून जाल म्हणून. दार म्हणून ओढलं, वरच्या मजल्यावरच्या कुसुमताई लिफ्टमधून येत होत्या, बघतील म्हणून. एक लपवायला दुसरं, दुसरं लपवायला तिसरं, अन् आता बघा, हलायला जागा नाय.

ती दांडी आहे का अजून? आहे? मग माझ्यावर वाया घालवू नका. डॉक्टरणीला लावा. लावा ना काका! सांगा, सकाळी चूक झाली, एका कार्ट्यानी फसवलं, गाडी पाहिजे. हात हलवू नका, मी हेल्मेट धरतो, तुम्ही कान फटीला लावा. वाजतंय? मी गप्प बसतो.

…

काय म्हणाल्या? आहे? आहे ना उभी! दुसरा कुणी येतोय, सात वाजता? त्याच्या आधी गेलात तर तुमची. किती वाजले, सहा वीस. इथनं नारायणगुडा पंधरा मिनिटं, स्कूटरवर बारा. फक्त बाहेर पडायला पाहिजे.

श्श. ऐकलं? बाईकचा आवाज, उतारावर दोनदा हॉर्न. दादा आहे. तो गाडी तिकडं लावतो, गेटजवळ, अन् सरळ लिफ्टनी वर जातो, इकडं बघत पण नाय. आपण गप्प राहिलो तर दोन मिनिटांत जाईल, मग यादगिरी येईल कधीतरी, अन् त्याला मी पटवतो, अन् घरी कुणाला काही…

सात वाजता म्हणाल्या ना त्या?

चप्पल घाला काका. मी आधी उतरल्याशिवाय तुम्हाला उतरता येणार नाय, तर तयार राहा, दार उघडलं की तुम्ही निघा, माझं काय होतंय ते बघत नका बसू. सरका जरा, फटीतून ओरडतो — दादा! ओ दादा! विक्रमदादा, लिफ्ट सोड, इकडं! तुझ्या गाडीत! अरे मी, संदेश! हौ, चावी देवघरातली मीच घेतली! दार उघड आधी, ह्या काकांना जायचंय, ह्यांचं काही नाय, सगळं मी केलंय — मी, हर्षद नाय, मी —