सातने गुणलं की सगळे नऊ

...नाही, पण मी म्हणते, दाराच्या कुलपाला एवढा गुणी आकडा लागतोच कशाला? तुम्हाला सांगते, आमचे भावजी गणिताचे मास्तर. त्यांनीच हे बटणांचं कुलूप बसवलं आणि त्यात घातला लाखाच्या घरातला एक आकडा! "वहिनी, याला दोनाने गुणा, तिनाने गुणा, पार सहापर्यंत जा... तेच सहा आकडे, त्याच रांगेत, गोल गोल फिरतात! फक्त पहिला बदलतो!" जेवताना तेच, हात धुताना तेच. इतकं ऐकवलं, इतकं ऐकवलं, की ते सगळं चक्र डोक्यात बसलं, पण आमच्या कुलपात ते सुरू कुठून होतं, तेवढंच नेमकं निसटलं!

आणि परवा कचऱ्याची बादली ठेवायला एक पाऊल बाहेर टाकते तोच वाऱ्याने दार धाड्! मी बाहेर, दीड वर्षाची पोर आत... नुकतीच खुर्चीवर चढायला शिकलेली, आणि खिडकी सताड उघडी! आतून तिचं रडणं सुरू झालं. दोन-आठ-पाच-सात-एक-चार दाबलं. टूंऽ! चूक. चार-दोन-आठ-पाच-सात-एक. टूंऽ! परत चूक. तिसऱ्यांदा चुकलं की कुलूप तासभर मुकं! आकडे तेच, रांग तीच... पण पहिला कोण?

शेजारच्या काकू आल्या. "तरी मी म्हणत होते, साधं कुलूप बरं!" आता म्हणून काय उपयोग, काकू? फोन कमरेला खोचलेला होता, भावजींना लावला. घाईत मी नुसतं "आकडा सांगा!" एवढंच बोलले. तर भावजी वर्गावर! "वहिनी, पोरं कान टवकारून बसलीत, घराचा आकडा मोठ्याने कसा सांगू? खूण सांगतो, सातने गुणलं की सगळे नऊ! सुंदर आहे ना?" आणि ठेवला! परत लावते तर बंद!

इतक्यात आतलं रडणं थांबलं... आणि खुर्ची सरकल्याचा आवाज! रडणं परवडलं हो! आकडे तेच, रांग तीच, पहिला कोण?

मी सातवी शिकलेली, एवढा गुणाकार तोंडी मांडू कुठे? म्हटलं, शेपूट तरी धरू. सातने गुणून शेवटी नऊ कोण देतो? सात एके सात, नाही. सात दुणे चौदा, नाही. सात चोक अठ्ठावीस, साता पाचा पस्तीस... "अगं, देवाचं नाव घे!" अहो काकू, पाढा म्हणतेय, थांबा! सात आठे छप्पन्न... अगं बाई, मधला राहिला, सात साते एकोणपन्नास! नऊ! म्हणजे शेवटी सात! आणि रांगेत सातानंतर? एक! एक-चार-दोन-आठ-पाच... सात... खट्!

पोर खुर्चीवर उभी, दोन्ही हात खिडकीच्या कठड्यावर! अशी आवळली, की तीच किंचाळली.

संध्याकाळी म्हटलं, भावजी, सरळ एक-दोन-तीन ठेवा. त्यांचा चेहरा असा पडला, जणू घरातलं माणूस हाकलायला सांगितलं! "पण वहिनी, तुम्ही स्वतः शोधलात, आता कसा विसराल?" नवऱ्यानेही मान डोलावली. झालं! आता कचरा टाकायला जाते ती पोर कडेवर घेऊन, आणि दारात भावजींचं जाडजूड गणिताचं पुस्तक आडवं ठेवून. दार काय हलत नाही हो... गणित पक्कं पाहिजे, हेच खरं!