ताकीदपत्राला टाचलेले चार फोटो

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या अधीक्षक बाई. व्यासपीठावरचे विश्वस्त आणि माझे सहकारी डॉक्टर. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना आपण सगळे मामा म्हणतो. पहिल्या रांगेत बसलेल्या मामी. आणि कशीबशी ड्यूटी बदलून आलेल्या सिस्टर, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ बंधू-भगिनींनो,

माझ्याआधीच्या वक्त्यांनी मामांचं तोंडभरून कौतुक केलं. मीही तेच करीन, या समजुतीनं माझं नाव यादीत घातलं गेलं असावं. घालणाऱ्याचा नाइलाज, मी मुख्य सर्जन पडलो.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. मामा एकतीस वर्षं आपल्याकडे जखमांचे फोटो काढतात. जखम भरतेय की चिघळतेय, हे रोजचे फोटो शेजारी ठेवले की कळतं. मामांच्या खिशात पत्त्याएवढं एक राखाडी कार्ड असतं. ते जखमेजवळ ठेवायचं, कॅमेरा मॅन्युअलवर टाकायचा, कार्डावरून उजेडाचा हिशेब बसवायचा आणि त्या पेशंटसाठी रोज तेच आकडे वापरायचे. एका खाटेला सात-आठ मिनिटं. आम्ही टिंगल करायचो, मामा, लग्नाचा अल्बम करताय का? मामा कार्ड सरळ करत राहायचे.

अकरा वर्षांपूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाची आपली शाखा माझ्याकडे आली. दोन्हीकडे धावणार कोण? मी शहाणा, मी हुकूम काढला. मामा, रोज तिकडेही जाऊन या, कॅमेरा ऑटोवर ठेवा, कार्डाचं नाटक बंद, जखम अगदी जवळून, फ्रेम भरून घ्या आणि मला पाठवा. मी इथे खुर्चीत बसून तिथला राउंड घेईन.

दुसऱ्याच दिवशी मामा दोन फोटो घेऊन माझ्या खोलीत आले. दोन्ही त्यांच्याच काळ्या बुटाचे. एकात बूट काळा कुळकुळीत, दुसऱ्यात राखेसारखा फिकट. बूट तोच, दिवा तोच. मामांनी शांतपणे समजावलं की ऑटोला समोरचं सगळं मध्यम राखाडीच असावं असं वाटतं. फ्रेमभर काळं आलं की तो ते उजळवतो, फ्रेमभर पांढरं आलं की काळवंडवतो. उपाय सोपा आहे, आकडे हातानं पक्के करा आणि कार्ड ठेवा. मी म्हणालो, "मामा, आपल्याला बुटांवर इलाज करायचा नाहीये." खोलीतले सगळे हसले. तुमच्यापैकी तिघे-चौघे तिथे होते, मान खाली घालू नका, सर्वात मोठ्यानं मीच हसलो होतो.

पुढच्याच महिन्यात त्या शाखेत एक शिवणकाम करणारी बाई दाखल झाली. मधुमेह होता, पायाच्या दोन बोटांना जखम. फोटोच्या वेळी ती रोज केस नीट करायची. मामा म्हणायचे, ताई, फक्त पाय घेतोय. ती म्हणायची, मग पाय तरी चांगला येऊ द्या.

आणि आला की हो चांगला! बोटं रोज थोडी काळी होत होती आणि कॅमेरा रोज तेवढाच उजेड वाढवत होता. चौथ्या दिवशी तिथल्या सिस्टरचा फोन आला की बोटांचा रंग बिघडतोय. मी चारही दिवसांचे फोटो पडद्यावर लावले, चारही सारखे. मी सिस्टरना म्हणालो, "तुमच्या डोळ्यांपेक्षा कॅमेऱ्यावर माझा जास्त भरवसा आहे."

मामा माझा हुकूम पाळून वर रोज एक फोटो आपल्या पद्धतीनंही काढत होते, कार्ड ठेवून. त्याच संध्याकाळी त्यांनी चार फोटोंचं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. वर लिहिलं होतं, लगेच बघावे. मी मीटिंगला निघालो होतो. पाकिटावर मी चहाचा कप ठेवला.

ते उघडलं सहाव्या दिवशी. फोटो शेजारी लावले आणि काळेपणा वर चढत गेलेला दिसला. आंधळ्यालाही दिसला असता. चौथ्या दिवशी दोन बोटांवर भागलं असतं. सहाव्या दिवशी मी मांडीपासून पाय काढला. आठव्या दिवशी ती गेली.

चौकशी झाली. मी लिहून दिलं, छायाचित्रणातील त्रुटीमुळे निदानास विलंब. वाक्य खरं होतं, म्हणून तर ते इतकं नीच होतं. मामांना ताकीद मिळाली. खुलासा मागवला तेव्हा त्यांनी एकच ओळ लिहिली, फोटो सोबत जोडले आहेत. ते चार फोटो ताकीदपत्राला टाचलेले मी पाहिले आणि फाईल मिटली.

गेल्या आठवड्यात मला एकदम मोठेपणा सुचला. मामांना म्हटलं, ती ताकीद काढून टाकतो, कोरी फाईल घेऊन निवृत्त व्हा. मामा रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "राहू द्या साहेब. पेशंटचे कागद दहा वर्षांनी नष्ट करतात. तिचं या इमारतीत आता एवढंच उरलंय. ताकीद गेली की फोटोही जातील."

तेव्हा ताकीद राहील. आज सकाळी मी तिच्यावर माझं एक पान लावलं आहे. हुकूम कुणाचा होता, फोन कुणाला आला होता, पाकीट कुणी उघडलं नाही, सगळं त्यात आहे. अधीक्षक बाईंनी पोचपावती दिली आहे. पुढे माझं जे व्हायचं ते होईल.

मामा, एकतीस वर्षांबद्दल तुमचे आभार. मामी, तुमचेही. संयोजकांनी पाच मिनिटं दिली होती, मी जास्त घेतली. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर आपण सगळे मोठ्या मनानं पोटात घालाल. बाकीची माफी तुमच्याकडे नाही, मामांकडेही नाही. जिच्याकडे होती, तिनं चौथ्या दिवशी सिस्टरकरवी मला विचारलं होतं, फोटो चांगला आला का. मी सांगितलं होतं, छान आलाय.