झालंच

नाही झाला. नाही म्हणजे नाही, तुमचा कोट झालेला नाही. ‘झालाच’ असं माझ्या तोंडून ऐकायचं असेल तर दुसरा शिंपी बघा – गावात खरं बोलणारा शिंपी मी एकटाच, म्हणून तर गिऱ्हाइकं कमी. बसा. आणि ते अस्तर हातानं फाडू नका, मी कात्रीनं कापतो – तो टर्रकन आवाज ह्या दुकानात चालत नाही. वर काय बघताय? पंख आहे तो. पक्ष्याचा नव्हे हो, माझ्या दादाचा.

दादा वेडा आहे असं तेव्हा सगळे म्हणायचे, आता तेच थोर होता म्हणतात – मधे फक्त तो मेला. आधी छत्री घेऊन पाण्याच्या टाकीवरून उडी मारली, पाय मोडला, आणि लंगडत घरी येऊन सांगतो काय, तर छत्रीत दोष आहे. मग सायकलच्या साखळ्या, बांबू, गिरणीचं मोडीत निघालेलं इंजिन – आणि एक दिवस ते धूड खरंच उडालं, चरणाऱ्या गाईंच्या डोक्यावरून, मैदानाच्या पार त्या टोकाला. लोकांनी तोंडात बोटं घातली. आमचे बाबा काय म्हणाले? ‘कापड सैल बसलंय.’ शिंपीच तो. तेव्हापासून पंख बाबा शिवायचे – आधी पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके, मग मशीनची पक्की टीप.

त्या सकाळी वारा पडलेला, मैदानात माणसं खोळंबलेली. बाबा कुणा नवरदेवाच्या विजारीवर वाकलेले, पंखाची एक कड अजून कच्चीच. दादानं दारातून विचारलं, ‘बाबा, झालं का?’ आणि बाबांनी मान वर न करता जन्मभर प्रत्येक गिऱ्हाइकाला दिलं तेच उत्तर दिलं – ‘झालंच.’ आता शिंप्याचं ‘झालंच’ म्हणजे व्हायचंय, हे शेंबड्या पोराला कळतं – शिंप्याच्या मुलाला कळू नये? पण त्याला उडायची घाई, त्याला शेवटचा ‘च’ ऐकूच आला नाही. पंख उचलला, म्हणाला, ‘आलोच.’ – पांढरा दोरा दिसतो हो कापडावर. त्यानं पाहिला असणार. पाहिलाच असणार. मी आपलं तसं धरून चालतो, नाहीतर ह्या मशीनवर बसणार कसा? – वर गेला, वळला, आणि तो आवाज आला. मैदानभर ऐकू गेला.

संध्याकाळी बाबांनी काय केलं? रडले नाहीत. दादाला निजवलं होतं त्याच खोलीत बसून त्यांनी पंखाची राहिलेली टीप मारली. बघा ना, कशी सरळ एका सुतात आहे. मग मशीनला हात लावला नाही. आता आतच असतात, पडून – कधी कळतं त्यांना, कधी नाही.

ऐकलंत? विचारताहेत. ‘आला का?’ – रोज ह्याच सुमाराला. थांबा जरा, उत्तर मिळेपर्यंत विचारत राहतील.

‘आलाच, बाबा.’

– असे बघू नका माझ्याकडे. कोट परवा. निघा आता.