पाचवा वकील

वकिलाच्या ऑफिसात नावं लिहून घेणाऱ्या बाईंची मान वहीत होती, पण कान समोरच्या बाकावरच्या दोघी बहिणींकडे.

"हा पाचवा वकील. आता नाक मुरडलंस तर मी चालले घरी."

"ताई, कालचा म्हणाला, नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर आणू. अगं, लेकीचा बाप आहे तो!"

"घटस्फोट घ्यायचाय की सत्कार करायचाय त्याचा?"

"लेकीचा विचार आधी करणारं कुणीतरी हवंय मला. मैत्रिणीच्या वेळी पाहिलं होतं एका वकीलबाईंना. पहिलाच प्रश्न, मुलाला झोपताना कोण लागतं?"

"मग त्यांना सोडून मला दारोदार का फिरवतेस?"

"त्यांनी त्याची केस घेतलीय."

"नवऱ्याची? त्याला बऱ्या सापडल्या!"

"मीच नंबर दिला. त्याला साधा दातांचा डॉक्टर तरी शोधता येतो का?"

"कपाळ माझं!"

"कुणी भांडकुदळ गाठला असता, तर पोरीचे हाल झाले असते."

"आणि तारखेला तो वेळेवर येणार?"

"सकाळी फोन करून आठवण करणार आहे ना मी."

ताई ताडकन उठून बाईंच्या टेबलापाशी आली.

"अहो, नाव माझं लिहा. भांडायला मी एकटीच आलेय."