गळालेलं उणे

—तो कालचा नकाशा इकडे द्या, बुझियानभाऊ, आणि हा घ्या. तोच आहे, जरा स्वच्छ छापलाय, इतकंच. काय म्हणालात? गॅसची नळी हलली? नळ्या काय हलतात, भाऊ — बसा, कॉफी घ्या, निवतेय. तुमच्या शेतातलं बोअर दहाला सुरू होणार ना? आत्ता कुठे सव्वानऊ. सांगते. तेवीस वर्षं मी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून नकाशे काढले. आपलं मोस्तगानेम असं, की शून्य रेखांशाची रेषा शेजारूनच जाते. पश्चिमेच्या आकड्याआधी उणे टाकायचं, पूर्वेच्या नाही. माझ्या बोटांना ते झोपेतही ठाऊक. मग आमच्या बेनऔदा साहेबांनी संगणकावर ही नवी खिडकी आणली — चौकटी, बटणं, रंगीत चित्रं. "झुलेखा, या वयात जमेल ना? नाहीतर कपाटं लावायला माणूस हवंच आहे." सगळे हसले. मीही हसले — काय करणार? म्हटलं, बघाच.

आणि जमलं हो! आकडे भरले, सवयीनं उणेही टाकलं. पण त्या चौकटीला उणे चालतच नाही — गुपचूप गाळून टाकते, तक्रार नाही की काही नाही. पूर्व की पश्चिम ते शेजारी वेगळं निवडायचं, आणि ते आधीपासूनच पूर्वेवर. काळ्या पडद्यावर माझी ओळ जशीच्या तशी दिसली असती. इथे दिसला तो देखणा नकाशा — नळी रेषेपलीकडे, अठरा किलोमीटर लांब, आणि तुमचं शेत कोरं.

असं बघू नका. हो, नळी तुमच्या बोअरच्या खुणेखालूनच जाते. म्हणून तर बदलून देतेय — काय? बोअरवाल्या हुआरीकडे दुसरी प्रत? माहीत आहे, मीच दिली काल. तुम्ही जाऊन बदला, साहेबांपर्यंत जायलाच नको— काय? तुमच्या भावानं नऊलाच यंत्र लावलं? ऊन चढायच्या आत?

फोन लावा. लावा म्हणते ना! मला काल संध्याकाळीच कळलं होतं — काल, हो — वाटलं, सकाळी हळूच बदलू, कपाटांपाशी बसायला नको... उचलत नाही? यंत्राच्या आवाजात ऐकू कसं येणार त्याला. गाडी काढा. मी गॅसवाल्यांना कळवते, माझ्या नावानं कळवते, साहेबांनाही. उभे काय राहिलात? कॉफी राहू द्या ती — जा!