वाकडी वीट

बिश्केकमध्ये गरम नानच्या रांगेत उभ्या सायरागुलबाईंच्या पुढे दोघं तावातावानं बोलत होती.

“किर्गिझ शब्दांच्या चुका दाखवणारं आपलं प्लगिन सगळे वापरतात, एल्नुरा. मदतीला मात्र कुणी टिकत नाही.”

“टिकेल कसं, नुरगाझी? त्या नव्या मुलीनं पाठवलेली कोडची दुरुस्ती तू पुसून स्वतः लिहिलीस.”

“वाकडी होती गं!”

“चालत होती ना?”

“चालत होती, पण वाकडी!”

“तुमचं घर बांधताना आशारला अख्खी गल्ली फुकट राबली. माझ्या बाबांनी लावलेली वीट वाकडीच आहे. काढली तुझ्या आईनं?”

“काढतेय कसली! आल्या-गेल्याला कौतुकानं दाखवते.”

“म्हणून बाबा अजून तुमच्या छतावरचा बर्फ काढायला येतात, न बोलावता.”

“...त्या मुलीला काय लिहू?”

“तुझी ओळ परत लावली, म्हणून लिही. आणि प्लगिनच्या पानावर तिचं नाव घाल, आल्या-गेल्याला दिसेल असं.”